पाणी वर चढविण्याचे गणित : खेळातील किल्ला आणि सह्याद्रीतील गड

टार्न अ‍ॅडम्स आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकी भावांनी घडविलेला ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ हा संगणकीय खेळ २००६ साली प्रथम उपलब्ध झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये चित्रमय रूपात विक्रीस आला. बुटक्या खाणकामगारांची एक टोळी डोंगर पोखरून किल्ला वसविते, असे त्याचे स्वरूप आहे. आणि वस्ती उंचावर व नदी किंवा भूगर्भातील तळे खोलवर असल्याने पाणी वर कसे न्यावे, हा प्रश्न खेळाडूपुढे लवकरच उभा राहतो. त्याचे उत्तर म्हणून खेळात स्क्रू पंप दिलेला आहे. नळीत बसविलेले मळसूत्री पाते फिरवून पाणी चढविणारे हे साधन प्राचीन असून आर्किमिडीजच्या नावाने ओळखले जाते. खेळातील असा एक पंप पाणी फक्त एक पातळी वर उचलतो. म्हणून एका पंपाच्या डोक्यावर दुसरा, त्यावर तिसरा असे पंप रचले जातात, त्यांची दिशा आळीपाळीने उलटी ठेवली जाते, आणि खालच्या पंपाने जेथे पाणी ओतले तेथूनच वरचा पंप ते उचलतो. फरशीत योग्य जागी मोकळीक ठेवली की चालक शक्तीही एका पंपातून दुसऱ्यात पोहोचते. या रचनेला येथे पंपांची उतरंड म्हटले आहे. तिच्याविषयी, आणि तिच्यावरून खऱ्या किल्ल्यांविषयी, काही समज दृढ झालेले दिसतात, ते तपासून पाहण्यासारखे आहेत.

सर्वांत प्रचलित समज असा की उंची टप्प्याटप्प्यांनी विभागली म्हणजे शक्तीची बचत होते. वस्तुतः टप्पे कितीही पाडले तरी एकूण काम बदलत नाही. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच नेण्यास सुमारे ९८१ किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबाने एका युनिटच्या पावभागाहून किंचित अधिक, इतकी ऊर्जा किमान लागतेच, आणि प्रत्येक टप्प्यावरच्या घर्षणाने व सांडलवंडीने ती वाढते, घटत नाही. खेळही याबाबतीत प्रामाणिक आहे. त्यात प्रत्येक पंपास शक्तीचे १० एकक लागतात, त्यामुळे शंभर पातळ्यांच्या उतरंडीस १००० एकक हवेत. पाणचक्र १०० एकक निर्माण करते, पण त्यांतील १० स्वतःच खाते, म्हणजे निव्वळ ९० उरतात, आणि हिशेबाने किमान बारा चक्रे बसवावी लागतात. दांडे व दंतचक्रे यांचा खर्च वेगळाच. हाताने पंप चालवायचा तर एका पंपास एक बुटका गुंतून पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे उंच उतरंड मनुष्यबळावर चालविण्याचा बेत कागदावरच का राहतो ते कळते.

बचत नसेल तर टप्पे कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर साधनाच्या मर्यादेत आहे, आणि येथे दुसरा समज आड येतो. पंप पाणी ‘ओढतो’, तेव्हा पुरेसा बळकट पंप वर बसविला की कितीही खोलीचे पाणी ओढता येईल, असे मानले जाते. शोषक पंप मात्र पाणी ओढत नाही. तो नळीतील हवा काढून टाकतो आणि बाहेरील वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीवर सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलू शकतो, त्याहून अधिक नाही. टॉरिचेलीने १६४३ साली पाऱ्याच्या प्रयोगातून या दाबाचा उलगडा केला. उंचीवर हवा विरळ होते, म्हणून म्हैसूर–नंजनगूड मार्गावरील कडकोळ येथे, जेथे भूमी समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांच्या आसपास आहे, ही मर्यादा साडेनऊ मीटरांवर येते, आणि प्रत्यक्षात गळती व घर्षण धरून सात-आठ मीटरांपुढे शोषक पंपावर विसंबता येत नाही. खोल विंधन विहिरीत पंप पाण्यातच बुडवून ठेवतात तो याच कारणाने, कारण तेथून तो पाणी ढकलतो. स्क्रू पंप हा शोषक नव्हेच. तो पाण्याचे घोट मळसूत्राच्या कप्प्यांत धरून उचलतो, आणि त्याची मर्यादा वातावरणाच्या दाबाची नसून दांड्याच्या लांबीची व मजबुतीची असते.

टप्प्यांची ही युक्ती खेळाने शोधलेली नाही. स्पेनमधील रिओ तिंतो येथील रोमन खाणीत पाणी उपसणारी चक्रे जोड्यांनी एकावर एक बसविलेली आढळली असून, आठ जोड्यांनी मिळून पाणी सुमारे ३० मीटर वर जात असे. फ्रान्समध्ये सेन नदीकाठी १६८४ साली सुरू झालेल्या मार्लीच्या यंत्रात चौदा पाणचक्रे, दोनशेहून अधिक पंप आणि तीन टप्पे होते, आणि ते पाणी दीडशे मीटरांहून अधिक उंच नेत असे; खेळातील उतरंडीला इतिहासात सख्खे भावंड शोधायचे तर ते हेच. भारतात आमेरच्या किल्ल्यावर पायथ्याच्या मावठा तलावातून रहाटांच्या टप्प्यांनी पाणी चढविण्याची व्यवस्था होती. मोटेच्या बाबतीतही मर्यादा साधनाचीच: बैल जितके अंतर धावेवरून उतरतील तितकाच नाडा वर येणार, म्हणून फार खोल विहिरीस धावही तितकीच लांब लागते.

खेळ जेथे भौतिकशास्त्राशी उघड फारकत घेतो ती जागा वेगळी आहे. पंपाने पाणी वर टाकावे, ते पाणी पाणचक्रावरून वाहावे आणि त्याच चक्राने पंप चालवावा, अशी बंद रचना खेळात चालते, इतकेच नव्हे तर ९० एककांतून पंपाचे १० वजा जाऊन ८० शिल्लकही राहतात. यावरून प्रत्यक्षातही अशी योजना जमेल, असे अनुमान काढणे सर्वस्वी चुकीचे आहे, कारण पडणारे पाणी जितकी ऊर्जा देते त्याहून अधिक ते पुन्हा चढविण्यास लागते. ही खेळातील सवलत आहे, आणि खेळाडूने ती घेण्यात काही वावगे नाही.

पाणी पंपावाचून वर चढूच शकत नाही, हाही समज टिकणारा नाही. छत्रपती संभाजीनगर येथील पाणचक्कीत डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंच भिंतीत आपोआप चढते आणि तेथून कोसळून जात्याचे चक्र फिरविते. उगम अधिक उंचीवर असल्याने बंद नळातील पाणी त्या पातळीकडे झेपावते, एवढेच त्याचे रहस्य. खेळातही दाबाखालील पाणी असेच वर येते, आणि ज्याने हे ध्यानी घेतले नाही त्याची तळघरे बुडतात. दाब मोडण्यासाठी खेळात पाण्याला तिरक्या कोपऱ्यातून जाऊ द्यावे लागते, हा नियम मात्र केवळ खेळाचा.

आता खऱ्या गडांकडे वळावे. खेळ पाहून, किंवा गडाची उंची पाहून, सह्याद्रीतील किल्ल्यांवर पायथ्याच्या नदीचे पाणी कोणत्या तरी यंत्राने चढविले जात असावे, अशी कल्पना केली जाते. गडांची पाणीव्यवस्था याच्या नेमकी उलट होती: पाणी वर नेण्याऐवजी वर पडलेले पाणी खाली जाऊ द्यायचे नाही. रायगडावरील गंगासागर, राजगडावरील पद्मावती तलाव, शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी ही सारी याच विचाराची उदाहरणे आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, नसल्यास खडक फोडून तळी-टाकी करावीत, आणि झरा असला तरी त्यावर निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, असे बजावले आहे. आवाजाचे हे कारण आजच्या शास्त्रात बसो वा न बसो, एकाच उगमावर वेढ्यातील शिबंदीचा जीव टांगू नये हा निष्कर्ष पक्का आहे. पायथ्याशी असलेले यंत्र तर शत्रूने पहिल्याच दिवशी मोडले असते.

टाक्यांचा दुसरा लाभ बांधकामाच्या हिशेबात दडलेला आहे. टाके खोदताना निघालेला दगड तटबंदीस उपयोगी पडे, म्हणजे एकाच श्रमात पाणी आणि भिंत दोन्ही साधत.

पाणी न उचलण्याचा हाच विचार नदीकाठच्या किल्ल्यातही दिसतो. कडकोळच्या उत्तरेस, म्हैसूरपलीकडे, श्रीरंगपट्टणचा किल्ला कावेरीच्या बेटावर आहे, आणि १७९२ च्या वेढ्यात हरिपंत फडके यांची मराठी फौजही तेथे होती. भोवती नदी असूनही किल्ल्यासाठी पाणी उपसण्यावर भर दिला गेला नाही. सतराव्या शतकात कंठीरव नरसराज वोडेयर यांच्या कारकिर्दीत बंगारदोड्डी कालवा काढून कावेरीचेच पाणी नदीच्या एका फाट्यावरून पुलासारख्या बांधकामाने पलीकडे नेण्यात आले. वरच्या अंगाला पाणी धरले की उताराने ते स्वतःच किल्ल्याकडे वाहते आणि उचलण्याचा प्रश्नच उरत नाही.

राहिला खाऱ्या पाण्याचा मुद्दा. खेळात समुद्राचे पाणी स्क्रू पंपातून गेले की गोडे होते, आणि त्यामुळे अशी यंत्रे क्षार काढतात असा गैरसमज नवख्यांत पसरतो. मळसूत्र पाणी फक्त हलविते. विरघळलेले मीठ त्याने तसूभरही कमी होत नाही. सिंधुदुर्गाच्या उभारणीस १६६४ मध्ये आरंभ झाला तेव्हा चहूकडे समुद्र असतानाही आत गोड्या पाण्याचा आधार होता, आणि दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी आजही तेथे आहेत. खेळात समुद्रकाठी वस्ती करणाऱ्याने पंप जरूर बसवावा. मात्र पाणी साठविण्याच्या टाकीचा तळ आणि भिंती बांधीव असाव्यात, कारण नैसर्गिक खडकाला लागलेले पाणी खेळाच्या नियमाने पुन्हा खारट होते.