मायेचा हात स्वतःवरही

रात्रीची औषधे देऊन होतात, अंथरुणावरचे माणूस एकदाचे झोपी जाते आणि घर शांत होते. आपण क्षणभर खुर्चीत टेकता, तेव्हा कुठे लक्षात येते की खांदे दिवसभर ताठलेले होते, जबडा आवळलेला होता. ज्या हातांनी सकाळपासून दुसऱ्याला उठवले, भरवले, पुसले, ते हात स्वतःच्या अंगावरून मायेने कधी फिरले होते, हे आठवत नाही.

पलीकडच्या खोलीत निजलेल्या ज्येष्ठांची व्यथाही फारशी वेगळी नसते. ‘आता आपण सर्वांना ओझे झालो,’ हा विचार त्यांचे मन पोखरत असतो. सेवा करणारा आणि सेवा घेणारा, दोघांच्याही मनातील स्वतःविषयीची आपुलकी अशी नकळत आटत जाते. ‘स्वतःची काळजी घ्या’ या कोरड्या उपदेशाने ती परत येत नाही. थकलेले मन युक्तिवाद ऐकत नाही. मात्र शरीर सैलावले की तेही हळूहळू सैलावते. चीनमधील चीगोंग ही साधना नेमकी याच वाटेने जाते.

श्वास आणि चिकाटी

‘ची’ म्हणजे श्वास किंवा प्राणशक्ती आणि ‘गोंग’ म्हणजे चिकाटीने केलेला सराव. संथ हालचाल, दीर्घ श्वास आणि शरीरावर स्थिरावलेले लक्ष ही तिची तीन अंगे. प्राणायामाशी परिचित वाचकांना ती परकी वाटणार नाही. मात्र तिची परंपरा स्वतंत्र आहे. 1973 मध्ये हुनान प्रांतातील चांगशा शहराजवळ मावांगदुई येथील एका प्राचीन थडग्यात रेशमी वस्त्रावरील एक चित्र सापडले. इसवी सनापूर्वी 168 मध्ये बंद झालेल्या त्या थडग्यातील या चित्रात व्यायाम करणाऱ्या 44 स्त्री-पुरुषांच्या आकृती आहेत. ‘चीगोंग’ हे नाव मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास सर्वत्र रूढ झाले. आज चीनमधील उद्यानांत पहाटे असंख्य वृद्ध एकत्र जमून हा सराव करताना दिसतात.

भावनांचे घर

चिनी वैद्यकाने प्रत्येक भावनेला शरीरात एक घर दिले आहे. शोक फुफ्फुसांत, क्रोध यकृतात, चिंता प्लीहेत आणि भय मूत्रपिंडांत वसते, असे ते मानते. आधुनिक शरीरशास्त्राच्या कसोटीवर हे शब्दशः खरे नाही; परंतु भावना अंगात जाणवतात, हा अनुभव आपल्या मराठीलाही नवा नाही. आपला ऊर भरून येतो, पोटात गोळा येतो, काळजात धस्स होते.

पाचव्या-सहाव्या शतकातील वैद्य ताओ होंगजिंग यांनी उच्छ्वासाच्या सहा प्रकारांची नोंद केली. त्यांतूनच ‘सहा ध्वनीं’ची पद्धत विकसित झाली. तिच्यात फुफ्फुसांसाठी ‘सी’ असा ध्वनी दातांच्या फटीतून हलकेच सोडतात. यामागचे शरीरकार्य समजण्यासारखे आहे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. उच्छ्वास लांबवला की शरीराला विश्रांतीकडे नेणारी मज्जासंस्था अधिक सक्रिय होते. चीगोंगमुळे चिंता आणि उदासी काही प्रमाणात कमी झाल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र त्यांतील बरेच अभ्यास लहान असल्याने चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

दहा मिनिटांचा सराव

1. हात नसलेल्या, न डगमगणाऱ्या खुर्चीत बसा. तळपाय जमिनीवर टेकवा आणि खांदे सैल सोडा. मिनिटभर श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

2. श्वास घेत दोन्ही हात समोरून सावकाश वर न्या आणि सोडत खाली आणा. ‘बादुआनजिन’ या आठ हालचालींच्या प्रसिद्ध प्रकारातील पहिल्या हालचालीचे हे सोपे रूप आहे. असे सहा वेळा करा. खांदा दुखत असेल तर हात छातीपर्यंतच उचला. श्वास रोखून धरू नका.

3. नाकाने श्वास घ्या आणि ‘सी’ म्हणत सावकाश सोडा. हेही सहा वेळा करा. डोळे पाणावले तर पाणावू द्या. आवरण्याची घाई नको.

4. तळहात एकमेकांवर चोळून उबदार करा आणि बेंबीच्या खाली एकावर एक ठेवा. या स्थानाला चीगोंगमध्ये ‘दानत्येन’ म्हणतात. दोन-तीन मिनिटे पोटाची संथ हालचाल हातांना जाणवू द्या.

ही चौथी पायरी टाळू नका. रुग्णाच्या कपाळावर ठेवता तितक्याच हळुवारपणे हात येथे ठेवा. त्याच्याशी बोलता त्याच स्वरात स्वतःशी बोला: ‘दमलीस ना? बैस जरा.’ जी माया आपण दिवसभर वाटली, तिच्यावर आपलाही हक्क आहे, हे तळहाताची ऊब शब्दांपेक्षा लवकर पटवते.

ज्येष्ठांना शक्य असेल तर समोरासमोर बसून हाच सराव दोघांनी मिळून करावा. विसराळूपणा वाढलेल्या व्यक्तीला सूचना देण्यापेक्षा पाहून अनुकरण करणे सोपे जाते. चुकले तरी टोकू नये. अंथरुणाला खिळलेल्यांनी पोटावर हात ठेवून संथ श्वास घेतला तरी पुरे.

सावधगिरी आणि मर्यादा

चक्कर आली किंवा छातीत दुखू लागले तर तत्काळ थांबावे. हृदयविकार असल्यास, रक्तदाब आटोक्यात नसल्यास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. भास-भ्रमांचा मनोविकार पूर्वी झालेल्यांनी ध्यानप्रधान सराव मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याविना करू नये. कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये.

आणखी एक मर्यादा स्पष्टपणे सांगायला हवी. महिनोन्‌महिने अपुरी झोप घेऊन एकटीने ओढलेला भार केवळ श्वासाने हलका होत नाही. भावंडांना, मुलांना, शेजाऱ्यांना स्पष्ट सांगा, ‘रोज अर्धा तास तुम्ही बसा.’ अशी मदत मागण्यात सेवेत कसूर होत नाही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर विनासंकोच डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी समुपदेशकाशी बोलता येते.

आज रात्री औषधांचा डबा मिटल्यावर लगेच उठू नका. तळहात चोळा, पोटावर ठेवा आणि तीन श्वास घ्या. उद्या सकाळी ज्या हातांवर दुसऱ्याची भिस्त असेल, त्या हातांना आज थोडी विसावण्याची जागा मिळू द्या.