झोपेत अडणारा बालकांचा श्वास

मूल घोरू लागले की त्याला गाढ झोप लागली, असा आपल्याकडे समज आहे. परंतु ज्या बालकाचा खालचा जबडा जन्मतः लहान आहे, टाळू दुभंगलेली आहे किंवा चेहऱ्याचा मधला भाग आत दबलेला आहे, त्याचे घोरणे ही श्वासासाठी चाललेली झटापट असू शकते. झोपेत स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि मुळातच अरुंद असलेला श्वासमार्ग बंद होतो. छाती हलत राहते, हवा मात्र आत जात नाही. हा निद्राश्वासरोध होय. रात्रीमागून रात्री असे घडत राहिल्यास वजन वाढत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही व कालांतराने हृदयावरही ताण येतो.

अडचण अशी, की आजार रात्रीचा आणि तपासणी दिवसाची. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत व एकदा शाळेत येतात. कार्यक्रमाच्या मूळ ३० विकारांच्या यादीत दुभंगलेले ओठ व टाळू आहे, डाउन सिंड्रोम आहे. निद्राश्वासरोध स्वतंत्रपणे नाही. म्हणून गगनबावडा वा चंदगडच्या एखाद्या वाडीवरील आईने रात्री काय पाहिले, हे सेविकेने अथवा शिक्षकाने पथकाच्या कानी घालणे अगत्याचे ठरते. झोपलेल्या बालकाचे मोबाईलवर घेतलेले मिनिटभराचे चित्रण कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातील डॉक्टरांनाही उपयोगी पडेल.

शस्त्रक्रिया कोणती करावयाची, हे अडथळा कोठे आहे यावर ठरते. टॉन्सिल व ॲडिनॉइड वाढलेले असल्यास ते काढणे ही बहुधा पहिली पायरी. टाळू दुभंगलेली असेल तर मात्र ॲडिनॉइड काढताना जपावे लागते, कारण नंतर आवाज नाकातून येऊ लागण्याचा धोका असतो. डाउन सिंड्रोम असलेल्या अनेक बालकांत शस्त्रक्रियेनंतरही त्रास उरतो. त्यांचे निद्रापरीक्षण पुन्हा करावे लागते.

जबडा फारच लहान असलेल्या नवजात बालकास प्रथम वैद्यकीय देखरेखीखाली पालथे निजवतात, नाकातून नळी घालतात. तेवढ्याने न भागल्यास मोठ्या केंद्रात जबड्याचे हाड दोन्ही बाजूंस कापून उपकरण बसवितात आणि ते रोज १ ते २ मिलिमीटर सरकवितात. फटीत नवे हाड भरत जाते, जबड्याबरोबर जीभही पुढे येते. पायाचे हाड लांबविण्याची ही युक्ती. माणसाच्या जबड्यासाठी तिचा वापर १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या शल्यचिकित्सकांनी प्रसिद्ध केला. तिच्यामुळे पुष्कळ बालकांच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसविणे टळते. जेथे ते टळत नाही, तेथे नळीतील कफ काढण्याचे शिक्षण घरच्या किमान दोघांना तरी मिळाल्यावाचून बालकास घरी पाठवू नये.