गंगरेल : सुट्टीचे पाणी, कामाचे पाणी

शनिवारी रात्री रायपूरच्या घरात 'उद्या कुठे?' असा प्रश्न निघाला, की उत्तर बहुधा दक्षिणेकडचे येते. अभनपूर, कुरूद, धमतरी आणि मग गंगरेल. राष्ट्रीय महामार्ग ३० ने धमतरीपर्यंत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, तिथून रुद्रीवरून धरणापर्यंत आणखी पंधराएक. सकाळी नाश्ता करून निघालेली मंडळी दुपारच्या जेवणाआधी पाण्याच्या काठाशी असतात. वाटेत दोन्ही बाजूंना भाताची खाचरे आणि अधूनमधून एखादा भरलेला कालवा दिसतो. ज्या पाण्यात संध्याकाळपर्यंत नौकाविहार करायचा, तेच पाणी त्या कालव्यातून शहराकडे निघालेले असते. गाडीतल्या फारच थोड्यांचे तिकडे लक्ष जाते.

काठावर मोटारबोटी आहेत, लाटांवर आदळत जाणाऱ्या बनाना राइडवर किंचाळणारी पोरे आहेत, वाळू आणून तयार केलेला किनारा आहे. या किनाऱ्यामुळे गंगरेलला 'मिनी गोवा' असे नाव पडले. खऱ्या गोव्याशी त्याचे नाते फक्त वाळूपुरते. समुद्र शेकडो किलोमीटर लांब असलेल्या रायपूर-भिलाईच्या माणसाला मात्र क्षितिजापर्यंत पाणी पाहायचे तर ही जागा जवळची. मुक्काम करणाऱ्यांसाठी बरदिहा येथे पर्यटन मंडळाच्या कॉटेज आहेत. त्यांच्या ओसरीवरून समोर बेटे दिसतात. जलाशय भरण्यापूर्वी ती डोंगरांची माथी होती.

सरकारी कागदांवर या जलाशयाचे नाव रविशंकर सागर असे आहे. पंडित रविशंकर शुक्ल हे रायपूरचे नेते. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत ते नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचे आणि पुढे जुन्या मध्य प्रदेशाचे प्रमुख होते. म्हणजे आजच्या विदर्भाचाही कारभार त्या काळी त्यांच्याच हाती होता. धरणाची कोनशिला ५ मे १९७२ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते बसली आणि १९७८च्या सुमारास काम पुरे झाले. भिंतीची उंची सुमारे ३० मीटर, दरवाजे १४. एकूण साठवण ३२ टीएमसीच्या वर, त्यातले वापरता येण्याजोगे पाणी २७ टीएमसी. पुणेकराला हा आकडा चटकन समजेल. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे काठोकाठ भरली तर २९ टीएमसी होतात. गंगरेल एकटेच त्याच्या जवळपास जाते.

तरीही गंगरेल एकटे काम करत नाही. महानदी उगम पावते ती धमतरी जिल्ह्यातल्याच सिहावाच्या डोंगरात. पूर्वेच्या समुद्राला मिळणारी ही नदी आधी उत्तरेकडे वाहत येते आणि नंतर वळते. उगमाजवळच तिच्यावर दुधावा धरण आहे. पन्नाशीच्या दशकात त्याचे काम सुरू झाले आणि साठीच्या दशकात संपले. सोंढूर नदीवरचे धरण १९८८चे, त्याचे पाणी कालव्याने दुधाव्याच्या जलाशयात येते. सिलियारी नदीवर मुरूमसिल्ली आहे. ही सारी धरणे गरजेनुसार आपले पाणी गंगरेलकडे सोडतात. गंगरेल ते खाली रुद्रीच्या बंधाऱ्याला देते आणि रुद्रीपासून कालव्यांचे जाळे सुरू होते. एका धरणाची पातळी खाली गेली, की दुसऱ्याचा विसर्ग ठरतो. काठावर बोटीची वाट पाहणाऱ्या रांगेला हे हिशेब दिसत नाहीत.

पाण्याचे दावेदार अनेक आहेत. पहिला हक्क सांगतो तो भात. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली, की धमतरी-रायपूरच्या शेतकऱ्यांची नजर गंगरेलच्या पातळीकडे लागते आणि कालव्याला पाणी सोडण्याची मागणी जोर धरते. दुसरा दावेदार भिलाईचा पोलाद कारखाना. तिसरे रायपूर शहर. रायपूरचे नळ प्रामुख्याने खारून नदीवर चालतात. उन्हाळ्यात खारून आटू लागली, की गंगरेलचे पाणी कालव्यामार्गे तिच्यात सोडले जाते आणि भाटागावच्या बंधाऱ्यापाशी ते उचलून शुद्धीकरणासाठी नेले जाते. धरणाच्या पायथ्याला १० मेगावॉटचे छोटे वीजघरही आहे.

चौथा दावेदार गावतळी. छत्तीसगडमध्ये गावाला तळे नाही असे सहसा होत नाही. आंघोळ, धुणे, गुरांचे पाणी, लग्न-मर्तिकाचे विधी हे सारे तळ्यावर चालते. या गरजांच्या पाण्याला तिथे 'निस्तारी' म्हणतात. भंडारा-गोंदियाच्या वाचकाला निस्तार हा शब्द समजावून सांगायला नको, कारण मालगुजारी तळ्यांची परंपरा दोन्हीकडे एकच. उन्हाळ्यात ही तळी कोरडी पडली, की गंगरेलमधून निस्तारीसाठी पाणी सुटते आणि कालव्याकाठची तळी एकेक करून भरली जातात. सत्तरीच्या दशकातले मोठे धरण अशा रीतीने शेकडो वर्षे जुन्या तळ्यांना पाणी पुरवत राहते.

हे जाळे आले कुठून, याचे उत्तर दुष्काळात आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी छत्तीसगड होरपळून निघाला. त्यानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाने मध्यप्रांतातही सरकारी पाटबंधारे बांधावेत असे सुचवले. भातपिकाला पावसाचा भरवसा आहे, इथे कालवे लागत नाहीत, हा सरकारचा जुना समज तेव्हा मोडला. पुढच्या दोन दशकांत बालोदजवळ तांदुला, रुद्रीला बंधारा, महानदी कालवा आणि मुरूमसिल्ली अशी कामे झाली.

पाणी आले तशी पाणीपट्टीही आली. कालवा विभागाला शेतकऱ्यांशी दहा वर्षांचे करार हवे होते. धमतरीजवळच्या कंडेल गावाने नकार दिला. गावाचे स्वतःचे तळे होते आणि करारापोटी द्यायच्या रकमेत आणखी एक मोठे तळे खोदून झाले असते. १९२० च्या पावसाळ्यात कालव्याचे पाणी कंडेलच्या शेतांत दिसले. गावाने पाणी चोरले असा ठपका ठेवून सरकारने चार हजारांहून अधिक रुपयांचा दंड बसवला. दंड भरायचा नाही असे गावाने ठरवले. मग गुरे जप्त झाली आणि लिलावासाठी बाजारोबाजारी हिंडवली गेली. बोली लावायला कोणीच पुढे आले नाही.

या सत्याग्रहाचे पुढारी होते बाबू छोटेलाल श्रीवास्तव. त्यांच्या बरोबरीने उभी राहिलेली दोन नावे मराठी आहेत : नारायणराव मेघावाले आणि नत्थूजी जगताप. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या भागात मराठी घरे वसली होती आणि धमतरीच्या सार्वजनिक जीवनात ती चांगलीच रुळली होती. पंडित सुंदरलाल शर्मा गांधीजींना बोलवायला कलकत्त्याला गेले. डिसेंबर १९२० मध्ये गांधीजी रायपूर आणि धमतरीला आले, त्याआधीच सरकारने दंड मागे घेतला होता. इथूनच ते नागपूर काँग्रेसला गेले, जिथे असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. मुरूमसिल्ली धरणाला आज छोटेलाल श्रीवास्तव यांचेच नाव आहे.

हे धरण यंत्र म्हणूनही पाहण्याजोगे आहे. १९१४ ते १९२३ या काळात बांधलेला हा मातीचा बांध. मातीच्या बांधावरून पाणी वाहून गेले तर बांधच वाहून जातो, म्हणून जादा पाणी वेळेवर बाहेर काढणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न. मुरूमसिल्लीत हे काम सायफन करतात. अशा सायफनांचा सांडवा असलेले आशियातले हे पहिले धरण मानले जाते. पाण्याची पातळी ठरावीक रेषेच्या वर चढली, की झाकलेल्या वाकड्या नळातून पाण्याचा पातळ पदर पलीकडे सांडू लागतो. तो आतली हवा ओढून बाहेर नेतो. नळ पाण्याने पूर्ण भरला, की ओढ तयार होते आणि उघड्या सांडव्यावरून जाईल त्याच्या कितीतरी पट पाणी सुटते. पातळी उतरून नळाच्या तोंडाशी हवा शिरली, की विसर्ग आपोआप थांबतो. ना दरवाजा, ना मोटर, ना मध्यरात्री धावणारा चौकीदार. १९०३ मध्ये खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले, त्यामागेही हीच निकड होती. पूर माणसाची वाट पाहत नाही. दोघांची रीत मात्र वेगळी. तिथे दरवाजे हलत असत, इथे हलणारा एकही भाग नाही.

गंगरेलच्या पाण्याखाली ५२ गावे आहेत. उठलेल्या माणसांचा भरपाईचा आणि पुनर्वसनाचा झगडा अनेक दशके चालला आणि बिलासपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत पोचला. गावांबरोबर देवही उठले. चंवर गावची अंगारमोती माता आता जलाशयाच्या काठावर बसवली आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी तिथे मडई, म्हणजे जत्रा भरते. आसपासच्या गावांच्या देवतांचे ध्वज आणि डांग नाचवत आणले जातात. झाडीपट्टीतल्या मंडईशी परिचय असलेल्याला ढोल-बाजार-देव यांचा हा मेळ ओळखीचा वाटेल. मूल व्हावे म्हणून बायका केस मोकळे सोडून पालथ्या पडतात आणि अंगात आलेले बैगा, म्हणजे गावदेवतांचे पुजारी, त्यांच्या पाठीवरून चालत जातात. या प्रथेवर टीका झाली आहे आणि ती रास्त आहे. पण बुडालेल्या गावांची माणसे वर्षातून एकदा एकत्र येतात ती याच जागी, हेही तितकेच खरे.

गंगरेल पाहायला सर्वांत चांगले दिवस सप्टेंबर ते जानेवारी. पावसाळा भरभक्कम झाला असेल तर दरवाजे उघडलेले दिसतात. अशा वेळी नदीच्या पात्रात उतरू नये, विसर्ग कमी-जास्त व्हायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात पाणी बरेच मागे गेलेले असते. बोटीत बसताना लाइफ जॅकेटचे बंद नीट आवळावेत, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. मडईच्या शुक्रवारी गर्दी प्रचंड असते, निवांतपणा हवा असेल तर तो दिवस टाळावा. कॉटेजचे आरक्षण आधी करावे, विशेषतः दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत. आणि एकच दिवस हाताशी असेल तर सकाळ गंगरेलला देऊन दुपारी मुरूमसिल्ली गाठावी. तिथे बोटी आणि वाळू शोधत बसू नये, पण शंभर वर्षांपूर्वीचे सायफन बघायला मिळतील.