युद्धावशेषांचे धातुशोधन

युद्धावशेषांचे धातुशोधन म्हणजे जुन्या रणभूमी, लष्करी तळ, वेढ्यांच्या जागा आणि सैन्याचे मार्ग येथील जमिनीत दडलेल्या धातूच्या वस्तू धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने शोधण्याचा छंद होय. बंदुकीच्या गोळ्या, तोफगोळ्यांचे तुकडे, गणवेशाची बटणे, पट्ट्यांची बक्कले, नाल आणि नाणी या त्यातील नेहमीच्या वस्तू आहेत. ब्रिटन आणि अमेरिकेत हा छंद रुजलेला आहे. भारतात मात्र पुरावस्तू आणि भूमिगत धन यांविषयीच्या कायद्यांमुळे त्याचे स्वरूप वेगळे ठरते. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव, चांदवड, मनमाड आणि मालेगाव हा पट्टा अनेक लढायांचा साक्षीदार असल्याने तेथील उदाहरणांवरून हा विषय चांगला समजतो.

यंत्राचा इतिहास

इ.स. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युतप्रवर्तनावर चालणारे उपकरण वापरले. परंतु तो प्रयत्न अयशस्वी ठरला. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी हातात धरून वापरता येईल असा सुरुंगशोधक विकसित केला. इ.स. १९४२ मधील अल-अलामीनच्या लढाईत ब्रिटिश सैन्याने तो वापरला. युद्ध संपल्यावर अशी शिल्लक यंत्रे बाजारात आली आणि त्यांतून या छंदाला चालना मिळाली.

कार्यपद्धती

यंत्राच्या तळाशी असलेल्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सोडला जातो. त्यामुळे निर्माण होणारे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीतील धातूवर पडले की त्या धातूत भोवरी प्रवाह उत्पन्न होतात. या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते आणि यंत्र आवाज करते. नाण्याएवढी वस्तू साधारणपणे २० ते ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत ओळखता येते. मोठी वस्तू त्याहून खोलवर सापडू शकते.

दख्खनच्या पठारावर या पद्धतीला एक नैसर्गिक अडचण येते. येथील काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनली असून तिच्यात लोहयुक्त चुंबकीय खनिजे असतात. त्यामुळे धातू नसतानाही यंत्र खोटा इशारा देऊ शकते आणि ते जमिनीशी जुळवून घ्यावे लागते. शेतातील तारांचे तुकडे, खिळे, अवजारांचे मोडके भाग आणि बाटल्यांची झाकणे यांचेही इशारे मिळत राहतात. वारंवार नांगरल्या जाणाऱ्या कांद्याच्या रानात वस्तू मूळ जागेवरून सरकलेली असण्याचा संभव अधिक असतो.

नाशिक जिल्ह्यातील युद्धभूमी

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, एप्रिल १८१८ मध्ये, लेफ्टनंट कर्नल मॅक्डॉवेल यांच्या फौजेने अंकाई-टंकाई, राजधेर आणि त्र्यंबक हे किल्ले ताब्यात घेतले. त्यानंतर नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलेल्या मालेगावच्या भुईकोट किल्ल्याला वेढा पडला. तेथील अरब शिबंदीने मे महिन्यापासून चिवट प्रतिकार केला. किल्ल्यातील दारूकोठाराचा स्फोट झाल्यानंतर जूनमध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती आला.

अशा ठिकाणी सापडणाऱ्या शिशाच्या गोळीचे महत्त्व तिच्या किमतीत नसते. चपटी झालेली गोळी कोठेतरी आदळलेली असते. पूर्ण गोल राहिलेली गोळी बहुधा न झाडताच हातातून पडलेली असते. पहिली माऱ्याची जागा दाखवते, तर दुसरी सैनिक उभे असल्याची. मात्र हा अर्थ गोळी नेमकी कोठे सापडली याची नोंद असेल तरच लागतो. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर इ.स. १९८३ मध्ये वणव्याने गवत जळाल्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी छांदिष्ट धातुशोधकांच्या मदतीने पाहणी केली. प्रत्येक काडतुसाची जागा नकाशावर नोंदवल्यामुळे इ.स. १८७६ च्या त्या लढाईतील हालचालींचे नवे चित्र समोर आले.

जोगलटेंभीचा नाणेसाठा

युद्धाची खूण रणभूमीबाहेरही सापडू शकते, याचे ठळक उदाहरण सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे आहे. इ.स. १९०६ मध्ये तेथे क्षहरात क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटवलेला होता. पराभूत राजाचेच चलन विजेत्याने स्वतःच्या नावाने चालवल्याचा हा पुरावा होय. नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेणे क्रमांक ३ मधील शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे म्हटले आहे. या नाण्यांनी त्याला दुजोरा दिला. साठा एकत्रितपणे अभ्यासला गेल्यामुळेच पुनर्मुद्रित आणि मूळ नाण्यांचे प्रमाण कळू शकले. तीच नाणी सुटी विकली जाऊन वितळवली गेली असती, तर उरली असती ती फक्त चांदी.

भारतातील कायदा

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडवलेली कोणतीही मौल्यवान वस्तू हा निधी ठरतो. मूळ अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास शोधणाऱ्याने त्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. निधी बेवारस ठरल्यास आणि शासनाने तो संपादित न केल्यास, वेगळा करार नसेल तर, तीन-चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला आणि एक-चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. माहिती दडवणाऱ्याचा वाटा शासनजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ नुसार संरक्षित क्षेत्रात परवान्याविना उत्खनन करता येत नाही. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार किमान १०० वर्षे जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे इ.स. १८१८ चा तोफगोळा हा भंगार लोखंड नसून कायद्याच्या कक्षेत येणारी वस्तू असू शकतो. इंग्लंडमध्ये मात्र जमीनमालकाच्या संमतीने असंरक्षित जागी धातुशोधन करता येते आणि इ.स. १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची ऐच्छिक नोंद ठेवणारी शासकीय योजना तेथे चालते.

धोके

न फुटलेला दारूगोळा हा या छंदातील सर्वांत मोठा धोका आहे. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पहिल्या महायुद्धातील तोफगोळे आजही नांगरटीत वर येतात. नाशिकजवळील देवळालीसारख्या लष्करी गोळीबार क्षेत्रांमध्ये विनापरवाना प्रवेश करणे बेकायदेशीर असून तेथील भंगार वेचणे जीवघेणे ठरू शकते. गंज चढलेला गोळा निकामी झालेला असतोच असे नाही. अशी वस्तू दिसल्यास तिला हात न लावता, जागा लक्षात ठेवून पोलिसांना कळवणे हाच सुरक्षित मार्ग मानला जातो.

अभ्यासाचे पर्याय

जमीन न खोदताही या विषयाचा अभ्यास करता येतो. नाशिकजवळ अंजनेरी येथील भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्थेत नाण्यांचा शास्त्रीय अभ्यास चालतो. विहीर खोदताना, घराचा पाया घेताना किंवा शेत नांगरताना अवचित सापडलेली वस्तू न घासता, न धुता, तिची जागा आणि खोली यांच्या नोंदीसह प्रशासनाकडे सोपवली, तर तिचे ऐतिहासिक मूल्य टिकून राहते.