सेंद्रिय शेतावरचा कच्चा आहार : काय कच्चे खावे, काय शिजवावे?

शहरातील धकाधकी सोडून गावाकडच्या जमिनीवर राहावे, रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता भाजीपाला पिकवावा आणि तो शक्यतो चुलीवर न चढवता तसाच खावा, हा विचार आज अनेक कुटुंबांना आकर्षित करीत आहे. दीर्घ आजारातून उठलेल्या व्यक्तींना तर अशा जीवनाची विशेष ओढ वाटते. निसर्गोपचारात ह्या आहाराला ‘अपक्वाहार’ म्हणतात. त्यात फळे, कोवळ्या भाज्या, पालेभाज्या, मोड आलेली धान्ये, ओले खोबरे व भिजवलेले शेंगदाणे-बदाम ह्यांचा समावेश होतो. ह्या आहाराचे लाभ खरे आहेत. मात्र त्याच्या मर्यादा ठाऊक नसतील तर हितासाठी उचललेले पाऊल अपायकारक ठरू शकते.

येथे दोन गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. ‘सेंद्रिय’ हा शब्द अन्न कसे पिकवले हे सांगतो, तर ‘कच्चे’ हा शब्द ते कसे खाल्ले हे सांगतो. सेंद्रिय भाजीत कीटकनाशकांचा अंश सामान्यतः कमी असतो, हा तिचा मोठा गुण होय. परंतु रसायनमुक्त अन्न जंतुमुक्त असतेच असे नाही.

टॉल्स्टॉय फार्मवरील प्रयोग

शेतावर राहून कच्चा आहार घेण्याच्या प्रयोगाचे एक सुप्रसिद्ध उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. हर्मन कॅलनबॅक ह्यांनी १९१० साली जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर असलेली आपली सुमारे ११०० एकर जमीन सत्याग्रही कुटुंबांना राहण्यासाठी दिली. तेथे सुमारे एक हजार फळझाडे होती. संत्री, जर्दाळू व आलुबुखार ह्यांची रेलचेल असे. सांडपाणी झाडांना घातले जाई आणि भाज्यांच्या टाकाऊ भागांचे खत केले जाई. ह्याच ‘टॉल्स्टॉय फार्म’वर गांधीजी व कॅलनबॅक ह्यांनी १९१२ साली दूध वर्ज्य केले आणि त्यानंतर गांधीजींनी केवळ फलाहारावर राहण्याचा प्रयोग केला. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू व ऑलिव्हचे तेल हा त्यांचा आहार होता.

मात्र फार्मवरील सामुदायिक स्वयंपाकघर बंद पडले नव्हते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मुलाबाळांसह राहणाऱ्या कुटुंबांसाठी तेथे पाव भाजला जाई आणि जेवण शिजत असे. पुढे १९२९ साली साबरमती आश्रमात गांधीजींनी मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, हिरवी पाने, लिंबू व मध अशा न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग काही सहकाऱ्यांसह केला. त्याच वर्षी आमांशाने आजारी पडल्यावर त्यांना तो थांबवावा लागला. अत्यंत शिस्तबद्ध जीवन जगणाऱ्या व्यक्तीलाही जो आहार दीर्घकाळ पेलला नाही, तो स्वीकारताना सामान्य कुटुंबाने सावध असणे इष्ट.

मेथीच्या मोडांनी दिलेला इशारा

२०११ साली जर्मनीत ‘ई. कोलाय’ ह्या जिवाणूच्या एका घातक प्रकाराची साथ उद्भवली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, ५० हून अधिक मृत्युमुखी पडले आणि ८०० हून अधिक रुग्णांना मूत्रपिंडाची गंभीर गुंतागुंत झाली. प्रथम स्पेनमधील काकड्यांवर संशय घेण्यात आला. अखेर शोध पोहोचला तो लोअर सॅक्सनी प्रांतातील एका सेंद्रिय शेतावर तयार झालेल्या कच्च्या मोडांपर्यंत. तपासाचा रोख इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांकडे होता.

असे का घडते? बियाण्याला मोड येण्यासाठी जी ऊब व ओलावा लागतो, तोच जिवाणूंच्या वाढीलाही पोषक असतो. बियांच्या सालीतील भेगांत दडलेले जंतू नुसत्या पाण्याने निघून जात नाहीत. आपल्याकडे मटकी, मूग, वाल ह्यांना मोड आणून त्यांची उसळ शिजवण्याची जी रीत आहे, तिचे मोल येथे कळते. मोड आल्याने धान्यातील फायटेटचे प्रमाण घटून लोह व जस्त शरीराला अधिक सुलभतेने मिळते, आणि शिजवल्याने जंतू मरतात.

खताचा प्रश्न

सेंद्रिय शेतीचा आधार शेणखत हाच आहे. ताज्या शेणात रोगजंतू असू शकतात. म्हणून अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार, न कुजवलेले शेणखत घातल्यास खाण्याचा भाग मातीला लागणाऱ्या पिकांची काढणी निदान १२० दिवस आणि इतर खाद्यपिकांची काढणी निदान ९० दिवस करता येत नाही. ढीग नीट रचून, पालटून, सुमारे ५५ अंश सेल्सिअस उष्णतेत पुरेसे दिवस कुजवलेले कंपोस्ट तुलनेने सुरक्षित असते. ताज्या शेणापासून बनवलेल्या जीवामृताची फवारणी कच्च्या खायच्या पालेभाजीवर काढणीच्या तोंडाशी करू नये.

मानवी विष्ठेने दूषित झालेली माती वा पाणी भाजीला लागले, तर त्याबरोबर डुकरातील फीतकृमीची अंडी पोटात जाऊ शकतात. त्यातून मेंदूत गाठी होऊन फेफरे येते. डुकराचे मांस कधीही न खाणाऱ्या व्यक्तीलाही हा आजार होऊ शकतो. म्हणून शेतावर चांगले शौचालय, झाकलेली विहीर आणि भाजी धुण्यासाठी स्वच्छ पाणी ह्यांची व्यवस्था आधी व्हावी. कच्च्या आहाराचा विचार त्यानंतर करावा.

अग्नीचे काम

शिजवल्याने ‘क’ जीवनसत्त्व बऱ्याच प्रमाणात नष्ट होते. पेरू, आवळा, काकडी, कोथिंबीर, लिंबू कच्चे खावे ते ह्यासाठीच. उलट टोमॅटोतील लायकोपीन व गाजरातील बीटा-कॅरोटीन शिजवल्यावर आणि थोड्या तेलासोबत अधिक चांगले शोषले जाते. काही पदार्थ तर कच्चे खाणे धोक्याचेच असते. कच्च्या राजम्यातील विषारी द्रव्याने तीव्र उलट्या होतात. तो भिजवून, ते पाणी फेकून, खळखळ उकळावा लागतो. अळू व सुरण कच्चे खाल्ल्यास घशाला खाज सुटते, हे कोकणात लहान मुलालाही ठाऊक असते. हिरवा पडलेला बटाटा टाकून द्यावा, बांबूचे कोवळे कोंब उकळूनच खावे आणि गोठ्यातले दूध तापवल्याशिवाय पिऊ नये.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

वनस्पतिजन्य अन्नातून ‘ब-१२’ जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. जर्मनीत दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या २०१ व्यक्तींच्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३८ टक्के लोकांत त्याची कमतरता आढळली. ती वाढत गेल्यास रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात आणि मज्जासंस्थेचे कायमचे नुकसान होऊ शकते. दूध, दही, अंडी, मासे किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या हाच त्यावर उपाय आहे.

लहान मुलांचे पोट लहान असते; केवळ फळे-भाज्यांनी ते भरते, पण वाढीस लागणारी ऊर्जा व प्रथिने मिळत नाहीत. गरोदर मातांनी, वयोवृद्धांनी आणि कर्करोगावर उपचार घेत असलेल्यांनी कच्चे मोड टाळावेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांना शहाळे व केळी ह्यांतील पोटॅशियम घातक ठरू शकते. रक्त पातळ राहावे म्हणून वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक बदलू नये. इन्सुलिन घेणाऱ्याने भात-भाकरी एकाएकी सोडल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. कच्च्या आहाराच्या भरवशावर चालू औषधे स्वतःहून बंद करणे तर सर्वथा अयोग्य होय.

निरोगी प्रौढ व्यक्तीने आपल्या वाडीतील ताजी फळे आणि कोशिंबीर रोजच्या जेवणात वाढवावी. त्यासोबत शिजवलेली डाळ वा उसळ, भाकरी किंवा भात, आणि दही, अंडे किंवा मासळी असावी. ज्यांना संपूर्ण अपक्वाहार करावयाचा आहे, त्यांनी तो मर्यादित काळापुरता, आधी रक्ततपासणी करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावा. तेवढे दिवस घरातील मुलांसाठी व आजाऱ्यांसाठी मात्र चूल पेटती ठेवावी.