पाचगणीतील विद्यार्थ्याची चूल

परगावी शिकावयास गेलेल्या मुलाचे पहिले पत्र पूर्वी घरी येई, तेव्हा त्यात अभ्यासाविषयी दोन ओळी आणि जेवणाविषयी दहा ओळी असत. आता पत्राची जागा फोनने घेतली, पण प्रमाण तेच राहिले. ‘जेवलास का?’ हा आईचा पहिला प्रश्न आणि ‘हो, जेवलो’ हे मुलाचे पहिले अर्धसत्य. यात हसण्यासारखे काही नाही. गरीब घरच्या मुलाचे शिक्षण पुष्कळदा बुद्धीवाचून अडत नाही, ते जेवणावाचून अडते. खानावळीचे पैसे झेपेनासे होतात, मग वडापाव आणि चहा यांवर दिवस निघतात, प्रकृती बिघडते, आणि परीक्षेच्या तोंडावर मुलगा गावी परततो. म्हणून दोन वेळचे जेवण स्वतः रांधता येणे ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने हौसेची गोष्ट नव्हे. मुलगा असो की मुलगी, ही विद्या दोघांनाही आलीच पाहिजे.

पाचगणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठमोठ्या निवासी शाळा उभ्या राहतात. तिथल्या मुलांना घंटा झाली की पानावर बसावयाचे एवढेच ठाऊक. परंतु त्या शाळांच्या कुंपणाबाहेरही शिकणारी मुले असतात. ज्या पाच गावांवरून पाचगणीला हे नाव पडले म्हणतात, त्या दांडेघर, गोडवली, खिंगर, अंब्रळ, तायघाट यांच्या बाजूला कोणी खोली घेऊन राहतो, दिवसा कुठे थोडे काम करतो आणि उरल्या वेळात पुस्तक उघडतो. आज मी बोलणार आहे ते या विद्यार्थ्याच्या चुलीविषयी आणि त्याच्या फेरफटक्याविषयी. या दोन गोष्टी वरवर निराळ्या दिसतात. पाचगणीत मात्र त्या दोहोंचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे या गावाची उंची.

देशावरून आलेल्या मुलाची पहिली तक्रार अशी असते की, इथे डाळ शिजत नाही. तो दुकानदाराला दोष देतो, पाण्याला दोष देतो. डाळ जुनी असली किंवा पाणी जड असले तर ती उशिरा शिजते, हे खरे. पण इथे आणखी एक कारण आहे. पाणी उकळले म्हणजे ते सगळीकडे सारखेच तापले, असे आपण धरून चालतो. तसे नसते. उकळणे म्हणजे पाण्यातल्या वाफेच्या जोराने बाहेरच्या हवेच्या दाबाशी बरोबरी करणे. समुद्रकाठी हवेचा थर जाड, दाब अधिक, म्हणून तिथे पाण्याला १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. डोक्यावरची हवा तेवढी कमी, दाब कमी, आणि पाणी सुमारे ९६ अंशांवरच उकळू लागते. साधारण हिशेब असा की, दर ३०० मीटर उंचीमागे उकळण्याचे तापमान एक अंशाने उतरते.

चार अंशांनी काय होते, असे कोणी म्हणेल. ताप आला की अंगाचे दोनतीन अंश काय करतात ते आपण जाणतोच. डाळीचेही तसेच आहे. ती मऊ होण्याची क्रिया तापमान उतरले की मंदावते. इथे नवशिका हटकून जाळ मोठा करतो. त्याचा उपयोग शून्य. एकदा उकळी फुटली की पाणी अधिक तापत नाही, ते फक्त लवकर आटते आणि गॅस जळतो. पाच किलोचा छोटा सिलिंडर महिनाभर पुरवावयाचा असेल, तर एवढे शास्त्र कळलेच पाहिजे. उकळी फुटेपर्यंत जाळ मोठा, मग बारीक, आणि भांड्यावर झाकण.

दुसरा उपाय भिजवणे. तुरीची डाळ तासभर आणि मटकी, हरभरा, घेवडा ही कडधान्ये रात्रभर भिजली, की पाणी दाण्याच्या आत आधीच पोचलेले असते आणि शिजण्याचे निम्मे काम चुलीवाचून झालेले असते. तिसरा उपाय आपल्या आज्या न बोलता पाळीत आल्या आहेत : चिंच, आमसूल, टोमॅटो ही आंबट वस्तू डाळ शिजल्यावर घालावयाची. आंबटपणाने दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणारा चिकट भाग लवकर सुटत नाही आणि डाळ बोटचेपी होत नाही. चौथा उपाय प्रेशर कुकर. कुकर वाफ कोंडतो, दाब वाढवतो, म्हणून आतले पाणी ११५ अंशांच्याही वर तापल्यावाचून उकळू शकत नाही. थोडक्यात, कुकर आपल्या चार वाट्या डाळीपुरते पाचगणीला समुद्रकाठापेक्षाही खाली नेऊन ठेवतो. विद्यार्थ्याने एकच महागाची वस्तू घ्यावयाची, तर ती कुकर होय.

घेवड्याविषयी एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडा नावाजलेला आहे आणि पोटभरीला उत्तम आहे. पण घेवड्याच्या आणि राजम्याच्या कच्च्या दाण्यांत पोटाला बाधणारे एक द्रव्य असते. ते जाण्यासाठी दाणे रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात चांगले खळखळून उकळावे. मंद आचेवर नुसते कोमट ठेवलेले, अर्धकच्चे दाणे खाल्ले तर उलट्या आणि जुलाब यांनी दोन दिवस जातात. उंचीवर पाणी मुळातच कमी तापते, म्हणून इथे घेवडा कुकरमध्येच पुरता शिजवलेला बरा.

आता भाकरी घ्या. तिला या उंचीचा त्रास जवळजवळ नाही. भाकरीला पाण्याच्या उकळीची मर्यादा आड येत नाही, कारण ती तव्याच्या लोखंडावर भाजली जाते आणि तवा १०० अंशांच्या कितीतरी वर तापतो. आधणाचे पाणी घालून पीठ चांगले मळले की ज्वारीची भाकरी मुंबईत होईल तशीच इथे होते. पिठल्याचेही तेच. डाळ आधीच दळून पीठ झालेली. उष्णता आत शिरावयास दाणा उरलेलाच नाही. फोडणीत कांदा-मिरची परतावी, पाणी घालावे, उकळी आली की एका हाताने बेसन भुरभुरावे आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. दहा मिनिटांत पिठले तयार. वेळ नसेल त्या दिवशी पिठले-भाकरी, आणि सवड असेल त्या दिवशी वरण-भात, असा नियम पाचगणीत शहाणपणाचा आहे.

हे जेवण साधे असले तरी निकृष्ट नव्हे. ज्वारी-तांदळाच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळीत असते, आणि डाळीत जे उणे ते धान्यात. म्हणून वरण-भात किंवा भाकरी-उसळ ही जोडी एकेकटीपेक्षा अंगी लागते. त्यावर लिंबू पिळले तर पालेभाजीतले व कडधान्यातले लोह शरीरात अधिक शोषले जाते. मेथीची जुडी, मूठभर शेंगदाण्याचे कूट, एखादे केळे, जमेल तेव्हा ताक, एवढे झाले की विद्यार्थ्याचे पान भरले. उरलेला भात रात्रभर तसाच उघडा ठेवून सकाळी फोडणीला टाकण्याची सवय मात्र सोडावी. थंडी आहे म्हणून काही होत नाही, असे समजू नये. लागेल तेवढाच भात लावावा हे उत्तम.

थंडीवरून आठवले. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडतो, दारे-खिडक्या बंद होतात, आणि कोळशाची शेगडी खोलीत पेटती ठेवून झोपण्याचा मोह होतो. तो मोह प्राणावर बेततो. बंद खोलीत कोळसा अपुऱ्या हवेत जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला मनुष्य जागाच होत नाही. शेगडी बाहेर विझवून मगच निजावे. ऊब पाहिजे असेल तर आणखी एक घोंगडी घ्यावी.

आता फेरफटका. रविवारी सकाळी डाळ भिजत घातली, की तास-दोन तास मोकळे मिळतात. तेवढ्यात टेबललँडवर जाऊन येता येते. हे विस्तीर्ण पठार वरून जांभ्याचे आहे. लक्षावधी वर्षे पावसाने खालचा काळा लाव्हाचा खडक झिजवला, त्यातली विरघळणारी द्रव्ये वाहून नेली आणि लोखंड व ॲल्युमिनियम यांचा तांबूस, कठीण थर मागे ठेवला. पावसाळ्यात या पठारावर उथळ पाणी साचते आणि बोटभर मातीत इवली फुले येतात. त्यांच्यावरून चालू नये. पठाराच्या दक्षिणेला डेव्हिल्स किचन नावाची गुहा आहे. तिथे पांडव राहिले होते अशी दंतकथा आहे. वनवासातही स्वयंपाक चुकला नव्हता, एवढा बोध विद्यार्थ्याने तिथून घेऊन यावा. कड्याच्या टोकाशी मात्र धुक्यात जाऊ नये. पावसाळ्यात चार हातांवरचे दिसेनासे होते.

एखाद्या संध्याकाळी सिडनी पॉइंटला जावे. समोर कृष्णेचे खोरे, धोमचे पाणी, पलीकडे वाई. हे दृश्य म्हणजे भूगोलाचा जिवंत नकाशाच आहे. पश्चिमेकडून आलेले ढग आधी महाबळेश्वरला अडतात आणि तिथेच बहुतेक रिते होतात. तिथून वीस किलोमीटरही दूर नसलेल्या पाचगणीत त्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकाच पाऊस पडतो, आणि खाली वाईला त्याहूनही कमी. महाबळेश्वरला पावसाळ्यात राहणे कठीण, पाचगणीत बारा महिने राहता येते. म्हणूनच १८६० नंतरच्या काळात जॉन चेसनने ही जागा वस्तीसाठी पसंत केली आणि पुढे इथे शाळा उभ्या राहिल्या.

महिन्यातून एकदा पसरणी घाटाने वाईला उतरावे. खाली सहा-सातशे मीटर उतरलो की पाणी दोन अंश अधिक तापून उकळते, आणि वाईच्या बहिणीकडची आमटी लवकर का होते ते कळते! वाईत कृष्णेचा घाट आहे, ढोल्या गणपती आहे, जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. आणि वाईतच प्राज्ञपाठशाळा आहे. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन तरुण विनोबा १९१७ साली या गावी नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ अध्ययनासाठी आले. शास्त्रांचे अध्ययन, साधा आहार आणि गड-किल्ल्यांची शेकडो मैलांची पायपीट, असा त्यांचा त्या काळचा क्रम होता. आज आपण सहल म्हणतो तिला पैसे लागतात. त्या क्रमाला फक्त पाय लागत होते.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. अजूनही पुष्कळ मुलांना वाटते की, हाताने रांधणे म्हणजे गरिबीची खूण, आणि ते मित्रांपासून लपवावे. अशांनी सातारच्या इतिहासाकडे पाहावे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातिधर्मांची मुले तिथे एका छपराखाली राहिली, एका पंक्तीला जेवली, आणि घरकामापासून शेतकामापर्यंत सर्व कामांना स्वतःचे हात लावून शिकली. १९२७ साली गांधीजींनी या वसतिगृहाला भेट दिली. मुलांच्या जेवणाला पैसा उरला नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. ज्या काळात कोणी कोणाच्या हातचे खावे यावर समाज तुटत होता, त्या काळात एका पातेल्यातला भात वाढणे हे धड्यापेक्षा मोठे शिक्षण होते. त्या पंक्तीतून उठलेली मुले पुढे शिक्षक झाली, अधिकारी झाली.

तेव्हा पाचगणीच्या खोलीत एकटे रांधणाऱ्याने शेजारच्या खोलीतल्याला हाक मारावी. दोघांत एक कुकर, दोघांत एक सिलिंडर, एकाने भाकरी थापावी, दुसऱ्याने भांडी घासावीत. खर्च निम्म्यावर येतो आणि घरची आठवणही निम्म्यावर येते. आज रात्री निजण्यापूर्वी दोन मुठी मटकी भिजत घाला. सकाळी पाणी काढून ती फडक्यात बांधा. थंडी असली तर मोड यावयास एक दिवस अधिक लागेल, तेवढा धीर धरा. तोवर टेबललँड पाहून या.