पाचटापासून पिशवी

गुऱ्हाळावर ज्यांनी एखादी रात्र काढली आहे, त्यांना आजच्या विषयातील अर्धी गोष्ट ठाऊकच आहे. रस काहिलीत गेला की उरलेली चिपाडे वाळवून चुलवणात घालतात. साखर कारखान्यातही रीत तीच. 100 किलो उसामागे सुमारे 30 किलो ओला बगॅस निघतो आणि बॉयलरखाली जळून वाफ व वीज देतो. म्हणून ‘उसाच्या टाकाऊ भागापासून प्लॅस्टिक’ असे कोणी म्हणाले की आम्ही विचारतो, टाकाऊ कोणाला? खरोखर वाया जाते ते शेतातले पाचट. पुष्कळ ठिकाणी ते काडी लावून पेटवून देतात.

पाचट असो वा चिपाड, त्यात मोठा वाटा सेल्युलोजचा. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक माळ. ती लिग्निन नावाच्या चिवट द्रव्यात जखडलेली असते. ऊस ताठ उभा राहतो त्यात या लिग्निनचा मोठा हात आहे. तेव्हा प्रथम वाफेने, आम्लाने किंवा अल्कलीने ही पकड सैल करावयाची आणि मग विकरांकरवी माळ तोडून ग्लुकोज मोकळे करावयाचे. पुढचे काम आपल्या घरी विरजणाच्या भांड्यात रोज रात्री चालते. दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जीवाणूंचे भाऊबंदच कारखान्याच्या टाकीत ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल करतात. त्या आम्लाचे रेणू जोडून साखळी केली की झाले पॉलिलॅक्टिक आम्ल, व्यापाऱ्यांचे ‘पीएलए’.

ऐकायला सोपे, पण पाचटाची पकड सोडवताना जी द्रव्ये तयार होतात, त्यांपैकी काही त्या जीवाणूंनाच बाधतात, आणि विकरांचा खर्च निराळाच. म्हणून आजचे पीएलए मुख्यतः अमेरिकेत मक्याच्या स्टार्चपासून व थायलंडात उसाच्या साखरेपासून होते. म्हणजे माणसाच्या खाण्याच्या वस्तूपासूनच! आपल्याकडे जेजुरीस 2024 साली पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला आहे.

आता कुजण्याविषयी. श्रोत्यांनी येथे जरा सावध व्हावे. पीएलएची साखळी आधी पाण्याने तुटावी लागते, मग जीवाणू तिला खातात. हे तुटणे वेगाने होते ते 60 अंश सेल्सियसच्या आसपास, मोठ्या खतप्रकल्पाच्या ओलसर ढिगात. तेथे काही महिन्यांत काम होते. परसातल्या खड्ड्यात, गटारात किंवा समुद्रात ती उष्णता कोठून येणार? तेथे ही पिशवी वर्षानुवर्षे पडून राहू शकते. मोरी तिनेही तुंबते. पीएलएचे पेले नेहमीच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत मिसळले, तर बाटल्यांचा पुनर्वापरही बिघडतो.

महाराष्ट्राने 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. केंद्राची एकदाच वापरावयाच्या कित्येक वस्तूंवरील बंदी 1 जुलै 2022 पासून आली. तेव्हापासून ‘कंपोस्टेबल’ असा शिक्का मारलेल्या पिशव्या दुकानांत दिसतात. त्यांवर आयएस 17088 हा मानकाचा क्रमांक आहे की नाही, ते दुकानदारास विचारावे. आणि नगरपालिकेसही एक विचारावे: ओला कचरा वेगळा घेऊन 60 अंशांवर कुजवणारा ढीग आपल्या गावात आहे काय, आणि असल्यास ही पिशवी त्या ढिगापर्यंत कोण पोचवतो?